कंदीलवाली बाई

४ मार्च, मंगळवार

चूक! सपशेल चूक! आणि तीही फोटोखालच्या ओळीत, ठळक टाइपात.

आजच्या पेपरात चौथ्या पानावर जुन्या गुजराती सिनेमांवर मजकूर आलाय. कंपनी बंद पडून चाळीस वर्षं झाली. तिच्या फिल्मचे डबे कुठल्याशा गोदामात सापडले, आता ते दुरुस्त करून महिनाअखेरीला पहिला खेळ लावणार आहेत. सोबत कंपनीच्या निशाणीचा फोटो. तीच ती, सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर यायची. तीन पायऱ्या, वरच्या पायरीवर एक बाई, हातात कंदील. ती कंदील हळूहळू वर उचलते, मान वळवून आपल्याकडे बघते, आणि त्या उजेडात खाली गुजराती अक्षरं एकेक करून उमटतात. डोक्यावर रेघ नसलेली, मोकळी मोकळी. उणीपुरी सात सेकंदं. पण लोक कंपनीचं नाव न घेता "कंदीलवालीचा नवा लागलाय" असंच म्हणायचे.

खाली छापलंय — "निशाणीतील स्त्री : कंपनीच्या मालकांच्या पत्नी."

शेठाणी? छे! ती माझी ताई आहे. माझी सख्खी थोरली बहीण.

एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. हात गप्प बसतो थोडाच! त्या ओळीवर काट मारली आणि समासात ताईचं नाव लिहिलं. मग त्या नावाकडेच बघत बसले. शेवटचं कधी लिहिलं होतं, आठवेना.

५ मार्च

मुलाला कात्रण दाखवलं. म्हणाला, "आई, रिटायर झालीस ना? जगातल्या सगळ्या चुका तूच सुधारायचा मक्ता घेतलायस का?"

सून म्हणाली, "ताई? कुठली ताई? तुम्हाला बहीण आहे?"

लग्न होऊन नऊ वर्षं झाली तिला या घरात.

७ मार्च, शुक्रवार

दोन दिवस लिहीन लिहीन म्हणत टाळलं. आज लिहूनच टाकते. इथे कोण वाचणार आहे!

मी अकरा वर्षांची होते, ताई एकोणीसची. ती त्या कंपनीत कपडे शिवायच्या खात्यात होती. बाबांना सांगितलं होतं की शिवणाच्या कारखान्यात काम आहे. खोटं नव्हतंच तसं — शिवणच होतं! फक्त कारखाना सिनेमाचा होता. बाबांना सिनेमा म्हटलं की तिडीक उठायची. आईला सगळं ठाऊक होतं. मला ताईने स्वतःच सांगितलं होतं, गळ्याची शपथ घालून.

एक दिवस ती घरी आली ती उजवा हात चोळतच. मला जवळ ओढून कानात म्हणाली, "आज मला कॅमेऱ्यासमोर उभं केलं! दोन तास! कंदील धरून धरून हात भरून आला." आणि हसली. एवढी खुशीत मी तिला कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, मला घेऊन चल ना एकदा. "नेईन," म्हणाली. नेलं नाही. मला फ्रॉक शिवून देणार होती, तोही राहिला. रोज उशीर, रोज घाई. मी मनात सगळं साठवत होते.

मग मावशीने मला त्या कंपनीचा सिनेमा दाखवायला नेलं, दुपारच्या खेळाला. अंधार झाला, पायऱ्या दिसल्या, ती बाई वळली — आणि मी ओरडले, "ताई!" मागचे लोक हसले. मावशी म्हणाली, गप्प बस, लोक काय म्हणतील.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. ताई मला म्हणाली, "पाय खाली घेऊन बस, किती वेळा सांगायचं!" एवढंच. आणि मी बाबांना म्हटलं, "ताई सिनेमात आहे. कंदील घेऊन उभी असते. मी पाहिलंय."

आईचा हात ताटावर तसाच राहिला. बाबा ताईकडे बघत होते. ताई माझ्याकडे.

आज पुरे.

८ मार्च

राहिलेलं लिहिते. बाबांनी आवाज चढवला नाही. हात धुऊन आले आणि म्हणाले, "उद्यापासून काम बंद." महिन्याच्या आत तिचं लग्न लावून दिलं. नवरा लाकडाच्या वखारीचा मालक, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, बिजवर, गाव सहा तासांवर. ताई ना रडली ना भांडली. निघताना आईला भेटली, शेजारणीला भेटली. माझ्या डोक्यावर हात ठेवला — रस्त्यात भेटलेल्या कुणाच्या मुलीच्या डोक्यावर ठेवावा तसा.

नंतर मी पत्रं लिहिली. पाच-सहा तरी. एकाचंही उत्तर नाही. आई गेली तेव्हा ती आली होती. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो. मला म्हणाली, "तुम्हाला पाणी हवंय का?"

तुम्हाला! सख्ख्या बहिणीला!

त्यालाही एकोणतीस वर्षं झाली.

९ मार्च

तिचं सगळं आयुष्य त्या सात सेकंदांपायी गेलं. आणि आता ती सात सेकंदंही दुसरीच्या नावावर? नाही. एवढं तरी मी करणारच.

११ मार्च, मंगळवार

फिल्म दुरुस्त करतात तिथे जाऊन आले. पत्ता पेपरवाल्यांकडून मिळवला. दुमजली इमारत, खाली सायकलींचं दुकान, वर हे लोक. दारातच आंबूस वास आला. जाड भिंगाचा चष्मा लावलेला एक पोरगेला माणूस होता, तोच तिथला मुख्य. मी त्याला मनातल्या मनात चष्मेवाला म्हणते. म्हणाला, "काकू, फिल्म कुजली की असाच वास येतो. आम्हाला आता घरच्या जेवणालाही येतो."

मी आल्याचं कारण सांगितलं. त्याने खुर्ची दिली आणि लगेच पडद्यावर निशाणी लावली. छप्पन्न वर्षांनी पाहिली मी! पण काय दशा झालीय. चेहऱ्यावरून उभे ओरखडे, कंदिलाच्या जागी पांढरा डाग, अक्षरं थरथरताहेत. त्याने सांगितलं की मूळ निगेटिव्ह गेलंय. पाच प्रतींतून त्यातल्या त्यात बरे तुकडे निवडून जोडायचे. एकशे अडुसष्ट चित्रं, एकेक साफ करायचं. "चेहऱ्याला अजून दोन आठवडे लागतील."

"पण ही शेठाणी नाही," मी म्हटलं.

"काकू, सगळे असंच म्हणत आलेत. तुमच्याकडे काही पुरावा?"

मी पिशवीतून घरचा फोटो काढला. ताई शिवणयंत्रापाशी बसलीय, अर्धा चेहरा दिसतो. त्याने तो पडद्याशेजारी धरला. कपाळ, नाक, हनुवटी. "मिळतंजुळतं आहे खरं," म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

मग मी पडद्यावरच्या बाईच्या ब्लाउजवर बोट ठेवलं. "ही कॉलरची कड बघा, शिंपल्यासारखी. हा ब्लाउज ताईने आमच्या घरी खिडकीत बसून शिवलाय. दोरे मी तोडून दिलेत. या हातांनी!"

त्याने चित्र मोठं केलं. खरंच, शिंपल्यासारखीच कड.

त्याने चष्मा काढून पुसला. "एवढं बारीक माहीत आहे तुम्हाला. मी शेठांच्या नातीशी बोलतो. पैसे-परवानग्या सगळं तिच्याच हातात आहे."

१२ मार्च

मुलगा : "आई, त्या मावशीलाच का नाही विचारत?"

मी म्हटलं, अचानक आनंद द्यायचाय तिला. तो काहीतरी पुटपुटत आंघोळीला गेला. याला काय कळतंय!

१५ मार्च, शनिवार

शेठांची नात भेटली. तिथेच, वरच्या मजल्यावर. चाळिशीची असेल, शाळेत विज्ञान शिकवते. टॉवेलमध्ये गुंडाळून एक तसबीर घेऊन आली होती. उलगडली तर तीच कंदीलवाली.

"ही आजीच्या खोलीत असायची," म्हणाली. "शेवटच्या वर्षात आजी कुणालाच ओळखत नव्हती. माझ्या वडिलांनाही नाही. पण हा फोटो समोर धरला की म्हणायची, हात भरून आला होता गं. दर वेळी हेच."

मी म्हटलं, "हे शब्द माझ्या ताईचे आहेत. त्या दिवशी घरी येऊन ती हेच म्हणाली होती मला. जसंच्या तसं."

"म्हणजे माझी आजी दुसरीचं दुखणं सांगत होती?"

"मुद्दाम नाही गं. म्हाताऱ्या माणसांचं होतं असं. ऐकलेलं, पाहिलेलं हळूहळू स्वतःचंच वाटायला लागतं."

ती तसबिरीच्या काचेवरून बोट फिरवत राहिली. चष्मेवाला उगाच तारा आवरत होता. मग मी तिला सगळं सांगितलं — रविवारचं जेवण, महिन्याभरात लावलेलं लग्न, वखार, पत्रं. परक्या माणसाला प्रथमच सांगितलं. सांगताना माझा आवाज फाटला. तिनेच पाणी आणून दिलं.

"आमच्या घरात भांडण झालं की आजोबा म्हणायचे, तुझ्या आजीने उजेड धरला म्हणून ही कंपनी उभी राहिली," ती म्हणाली. "आम्ही त्याच्यावरच वाढलो. पण तुमच्या बहिणीने या फोटोपायी एवढं सोसलं असेल, तर निदान नाव तरी त्यांचं लागू दे. आजीला काय, कंपनीच तिच्या नावाची होती."

तसबीर पुन्हा टॉवेलमध्ये गुंडाळली. या वेळी पालथी. जिना उतरताना तिने ती काखेत धरली होती, छातीशी नव्हे. आणताना छातीशी होती.

मी जिंकले. मग बसस्टॉपवर बसून रडले का?

१८ मार्च

हॉलच्या दारात लावायच्या पाटीचा मजकूर आला. "निशाणीतील स्त्री" आणि पुढे ताईचं नाव — माहेरचं, सासरचं दोन्ही. मी चारदा तपासलं. काना-मात्रेचीही चूक नाही.

२० मार्च, गुरुवार

ताईला पत्र लिहायला बसले. तीन कागद फाडले. पहिल्यात फार रडले होते, दुसऱ्यात स्वतःचीच बाजू मांडली होती, तिसऱ्यात नुसतं हवापाणी. शेवटी दूरच्या नात्यातल्या एकाकडून भाचीचा नंबर मिळवला. ताई आता तिच्याकडेच असते.

"मी मावशी बोलतेय."

"कोण मावशी?"

काय सांगणार! ओळख द्यावी लागली. भाची पन्नाशीची आणि मी तिच्याशी पहिल्यांदा बोलतेय. म्हटलं, "आईला जुना सिनेमा दाखवायचाय, शनिवारी, २९ तारखेला. दुपारचा खेळ आहे. रात्री इथेच राहा दोघी. आणि मला तिची माफी मागायचीय, तेही सांग."

तिने फोनवर हात ठेवला असावा. पलीकडे बोलणं चाललं होतं, शब्द कळत नव्हते. मग म्हणाली, "आई येते म्हणतेय."

"आणखी काय म्हणाली?"

"काही नाही. खोकला आहे तिला, गरम पाण्याची सोय लागेल."

लागेल तेवढं गरम पाणी करीन!

२१ मार्च

सुनेने पाहुण्यांची खोली आवरली. मी उशांचे अभ्रे दोनदा बदलले. ती हसली आणि म्हणाली, "सासूबाई, तुमची थोरली बहीण येतेय की तपासणी अधिकारी?"

दोन्ही.

२५ मार्च

काय बोलायचं ते पाठ करतेय. "ताई, मी लहान होते." — नको, ही सबब झाली. "ताई, मला तुझा हेवा वाटला होता." — हे खरं आहे. छप्पन्न वर्षं झाली तरी उच्चारायला जड जातं. मला फ्रॉक हवा होता आणि तिने माझ्याकडे बघावं असं वाटत होतं. बास, एवढ्यासाठी.

आणि बाबा? तेही नंतर पार मिटून गेले. संध्याकाळी बाहेरच्या खोलीत बसायचे, ताईची खुर्ची रिकामी असायची, पण तिच्यावर कुणाला बसू देत नसत. ते कधी बोलले नाहीत, मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धतच नव्हती.

२९ मार्च, शनिवार, संध्याकाळ

आली. भाचीचा हात धरून, काठी टेकत. किती लहानखुरी झालीय! मी पुढे झाले. पाठ केलेलं एक वाक्यही आठवेल तर शपथ. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तू जाड झालीस."

तू! तू म्हणाली!

हॉल भरला होता, दोनशे तरी माणसं. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं. पलीकडे शेठांची नात, एकटीच आली होती. दिवे गेले. पायऱ्या दिसल्या. ओरखडे गेलेले, डाग गेलेला. कंदील असा पेटला की आमच्या रांगेतल्यांच्या तोंडावर उजेड पडला. बाई वळली. इतका स्वच्छ चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता — क्षणभर परका वाटला. मग अक्षरं उमटली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, नुसत्या निशाणीला!

चष्मेवाल्याने खेळ तिथेच थांबवला, ठरल्याप्रमाणे. दिवे लावले, पुढे येऊन ताईचं नाव घेतलं. म्हणाला, छप्पन्न वर्षं हे नाव कुणाला माहीत नव्हतं, आणि त्या आज आपल्यात बसल्या आहेत. पुन्हा टाळ्या. ताई हलेना. माझ्याकडे वळून बघत राहिली. मी तिच्या कोपराला हात लावला. "ताई, ऊठ ना. तुझ्यासाठी आहे."

ती उठली. काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. नातीने फुलं दिली. ताईने तिचा हात बराच वेळ सोडला नाही. तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती.

नंतर सिनेमा झाला. त्यातलं मला काहीही आठवत नाही.

घरी येताना गाडीत तिच्या शेजारी बसून म्हटलं, "ताई, मला माफ कर." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "उद्या बोलू. आज दमलेय." रागावलेली वाटली नाही. आत्ता शेजारच्या खोलीत पडलीय, खोकला ऐकू येतोय.

एवढं एक काम नीट झालं माझ्या हातून.

३० मार्च, रविवार

सकाळी चहा घेताना ताई म्हणाली, "ती मी नाही गं."

मला कळेचना. "कोण?"

"कालची. पडद्यावरची. ती शेठाणीच. दिवे नीट लावून होईपर्यंत मला उभं केलं होतं, दोन तास. मग त्या आल्या, माझ्या हातातून कंदील घेतला, आणि त्यांचं चित्र काढलं. ती नात अगदी त्यांच्या तोंडावळ्याची आहे."

"मग काल उभी का राहिलीस?"

"तुझं तोंड पाहिलं. बसून राहिले असते तर तू तिथेच कोसळली असतीस."

"आणि तेव्हा? बाबांना का नाही सांगितलंस?"

"बाबांनी विचारलं नाही. म्हणाले, काम बंद. तूही विचारलं नाहीस. आताही माझ्या लेकीला फोन केलास, गरम पाण्याची सोय केलीस, आणि हे मात्र..." कप खाली ठेवला. "मला कुणी विचारलंच नाही कधी."

दहा वाजता नातीच्या घरी जायचंय, तिच्या आजीचं नाव परत द्यायला. ताईने काठी हातात घेतलीय. म्हणते, "चल, मीही येते. एकटीला सोडलं तर तू पुन्हा भलतंच काहीतरी सांगून येशील."